दोन इंच पंधरा थाऊ

कासारे काकांना "ठीक आहे" हे उत्तर चालत नसे. तब्येत कशी आहे विचारल्यावर कुणी "ठीक" म्हणालं तरी ते मान तिरकी करून विचारायचे, "ठीक म्हणजे किती?" लोक हसायचे. काका विनोद करतात असं त्यांना वाटायचं. काका विनोद करत नसत. मिशिगनमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गेज रूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. समोर येईल तो भाग मोजायचा, आकडा लिहायचा आणि आकडा बसत नसेल तर भाग परत पाठवायचा. 'ठीक' असं लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो २००२ साली, ॲन आर्बरच्या मराठी मंडळींच्या गणपतीत. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. मी अडतीस वर्षांचा, पुण्याहून येऊन वर्ष झालेला, आणि उत्साहाच्या भरात मखराचे थर्माकोलचे खांब कापायला बसलेला. मागून आवाज आला, "काय करून राहिला रे हे?"

"मखर, काका."

"ते दिसते मला. मोजलं कशानं?"

"अंदाजे कापलंय."

"अंदाजे!" त्यांनी शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली. गणपतीला येताना पट्टी घेऊन येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. "डावा खांब उजव्याहून पाऊण इंच बुटका आहे. देव तिरपा दिसेल."

"वरून माळा येणार आहेत काका. डोळ्याला कळणार नाही."

"कोणाच्या डोळ्याला? देवाच्या का तुझ्या?"

मग त्यांनी मी काय काम करतो ते विचारलं. सॉफ्टवेअरच्या क्वालिटीत आहे, टेस्टिंगची टीम सांभाळतो, असं मी जरा ऐटीत सांगितलं. काका खूश झाले. "म्हणजे तू माझ्या बिरादरीचा! कशात मोजता तुम्ही क्वालिटी?"

"किती डिफेक्ट निघाले त्यावरून."

"हात्तिच्या," काका म्हणाले. "म्हणजे बिघडल्यावर मोजता."

दोन्ही खांब त्यांनी माझ्याकडून पुन्हा कापून घेतले. आरती वीस मिनिटं उशिरा झाली आणि अर्धा हॉल माझ्याकडे रागाने बघत होता. काका मात्र पट्टी खिशात टाकून प्रसादाच्या रांगेत पहिले उभे होते.

काकांविषयी मंडळी जरा दबक्या आवाजात बोलत, कारण त्यांच्या घरी बंदुका होत्या. "गनवाले काका" असं त्यांना पाठीमागे म्हणत. काही जण मुलांना त्यांच्या घरी पाठवत नसत. काकू जाऊन काही वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी रोहिणी शिकागोजवळ शॉमबर्गला राहत होती. शहराबाहेरच्या त्या घरात काका एकटेच असत. खरं तर ते पक्के शाकाहारी होते आणि त्यांनी आयुष्यात चिमणीही मारली नव्हती. ते फक्त कागदावर नेम धरायचे. कारखान्यातला त्यांचा जोडीदार हॅरल्ड त्यांना पहिल्याच हिवाळ्यात नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला होता. तिथे काकांचं मन बंदुकीवर बसलं नाही, काडतुसावर बसलं. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घरी आणायची, साफ करायची, पुन्हा मापात आणायची, तिच्यात नवी दारू आणि नवी गोळी भरायची. त्या कामात इतकं मोजमाप होतं की काकांना निवृत्तीनंतर दुसरी गेज रूमच मिळाली.

"मोजण्यात चुकलं ना," ते मला म्हणाले होते, "तर कारखान्यात सहा महिन्यांनी कोणाची तरी तक्रार यायची. इथे शंभर यार्डांवर लगेच कागदाला भोक पडते. पाह्य, किती सोपं आहे."

त्यांच्या तळघरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक रिकामी पुंगळी आणि डायलचा कॅलिपर दिला. "मोज."

मी मोजलं आणि आकडा सांगितला.

"शून्य पाह्यलं होतं का?"

मी शून्य पाहिलं नव्हतं. कॅलिपरचे जबडे पुसून, पूर्ण मिटून, काटा शून्यावर येतो का ते आधी बघायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षीच ठाऊक व्हायला हवं होतं, पण मी तेव्हाही कुणाच्या तरी जर्नलमधून उतरवलं होतं. शून्य बघून पुन्हा मोजलं. मग काका म्हणाले, आता तीच पुंगळी दहा वेळा मोज. दहा वेळांत मला चार वेगवेगळे आकडे आले. मी वैतागलो. काका हसले नाहीत. "पुंगळी तीच आहे ना? मग बदलून काय राहिलं? तुझा अंगठा. तू कधी दाबतो, कधी सोडतो. आधी अंगठा शिकव."

अंगठा शिकायला मला तीन रविवार लागले.

मुद्दा असा होता. काकांच्या रायफलच्या पुंगळीची लांबी जास्तीत जास्त दोन इंच पंधरा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, कागदाच्या जाडीहूनही कमी. पण पितळ प्रत्येक वेळी झाडलं की ताणलं जातं, पुन्हा साच्यात दाबलं की आणखी लांबतं. पुंगळी पंधरा थाऊच्या वर गेली की तिचं तोंड नळीत अडकतं, गोळीला चिमटा बसतो आणि दारूचा दाब जायचा तिकडे न जाता मागे येतो. म्हणून प्रत्येक पुंगळी मोजायची, लांब असेल ती कापायची. हे झालं पहिलं माप. गोळी बसवल्यावर पुन्हा अख्ख्या काडतुसाची लांबी मोजायची, कारण गोळी फार बाहेर राहिली तरी ती नळीच्या आट्यांना जाऊन भिडते आणि दाब तसाच वाढतो. ते दुसरं माप. दोन्हींतलं कोणतंही माप चुकलं तरी परिणाम एकच, आणि बाहेरून बघणाऱ्याला कोणतं चुकलं ते कळत नाही.

"आमच्या भंडाऱ्याला बाप माझा पितळेचे गुंड, पाण्याचे हंडे, ठोकायचा," काका सांगत. "हातानं कळायचं त्याले पितळ कुठं पातळ झालं ते. मला हातानं नाही कळत. म्हणून मी मोजतो."

हॅरल्डला काकांचा हा छंद म्हणजे कायमचं खेळणं होतं. एकदा दोनशे काडतुसं भरून झाल्यावर काकांना एक काडतूस चार थाऊ लांब सापडलं. त्यांनी दोनशेच्या दोनशे उघडली. गोळ्या उपटल्या, दारू पुन्हा डब्यात ओतली, सगळं पहिल्यापासून केलं. रेंजवर हॅरल्ड म्हणाला, "वामन, दॅट पेपर टार्गेट डझन्ट ओन अ कॅलिपर." काका शांतपणे म्हणाले, "आय डू." आणि पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जातील अशी पाडली. हॅरल्डने टोपी काढून काकांच्या डोक्यावर ठेवली.

हे सगळं चांगलं चाललं होतं. २००४च्या सुमारास काका कॅलिपर खिडकीजवळ नेऊन वाचायला लागले. मग टेबलावर आणखी एक दिवा आला. मग भिंग आलं. एके रविवारी त्यांनीच विषय काढला, तोही माझ्यावर उपकार केल्यासारखा. "अविनाश, तुला प्रॅक्टिस पाह्यजे. पुंगळ्या तू मोजत जा. काडतूस मी मोजतो."

त्यांनी कामाची वाटणी नीट आखली. मी व्हिसावर होतो. अशा माणसाने बंदूक आणि भरलेली काडतुसं यांच्यापासून लांब राहायचं, हे त्यांनी कायद्यात स्वतः वाचून ठेवलं होतं, आणि भरलेल्या काडतुसाला माझा हात त्यांनी कधीही लागू दिला नाही. रिकामं पितळ माझं, भरलेलं त्यांचं. पुंगळ्यांची लांबी मी मोजायची, वहीत लिहायची, खाली सही करायची. माझं पान बघून ते दारू भरायचे. माझं पान ते पुन्हा तपासत नसत. "तपासायचं असतं तर तुला काहून बसवलं असतं?"

या वाटणीचा मला अभिमान होता. कंटाळाही होता. कंटाळ्याबद्दल खरं सांगायला हवं, कारण पुढचं त्यातून आलं. दर रविवारी सकाळी दीड-दोनशे पुंगळ्या. शून्य, अंगठा, आकडा, वही. शून्य, अंगठा, आकडा, वही. मी ऑफिसात ज्या कामाचा पगार घेत होतो तिथे आम्ही असं कधीच करत नव्हतो. हजार गोष्टींतल्या पन्नास तपासायच्या, पन्नास बऱ्या निघाल्या की हजारांवर शिक्का. मी हे काकांना एकदा सुचवलंही होतं. "सँपलिंग करू या की काका. दोनशेतल्या चाळीस मोजू."

काकांनी कॅलिपर खाली ठेवला. "बरं. मग ज्या एकशे साठ नाही मोजल्या, त्या तू झाड. बंदुकीला गाल लावून."

मी पुढची पुंगळी उचलली.

२००५च्या ऑक्टोबरमधला एक रविवार. काकांच्या नेमबाजी क्लबची हंगामातली शेवटची स्पर्धा पुढच्या शनिवारी होती आणि काका तिच्यासाठी काडतुसं भरत होते. त्या दिवशी माझ्या कंपनीचं मोठं रिलीज होतं. पुण्याची टीम ऑफिसात बसलेली, काहीतरी फुटलेलं, आणि माझा फोन दर दहा मिनिटांनी वाजत होता. काका वर स्वयंपाकघरात झुणका करत होते. समोर दोनशे पुंगळ्या. वरच्या साठ मोजल्या. सगळ्या दोन इंच आठ ते दोन इंच बारा थाऊच्या आत, एकही कापायची नाही. फोन वाजला. पुण्याहून आमचा एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, रोलबॅक करून जुनं व्हर्जन परत लावायचं की नाही, लवकर सांगा."

मी उरलेल्या एकशे चाळीस मोजल्या नाहीत. आकडे लिहिले.

रिकामी जागा सोडली नाही, तर सगळे रकाने भरले. भरताना एकसारखे आकडे लिहिले तर संशय येईल म्हणून एक थाऊ इकडे, दोन तिकडे असं करत गेलो. मधेच एकदा चौदा लिहिला, खरा वाटावा म्हणून. खाली सही केली. हे सगळं कानाला फोन लावून केलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मग वर जाऊन दोन भाकऱ्या झुणक्याबरोबर खाल्ल्या. काका म्हणाले, "झाल्या सगळ्या?" मी म्हणालो, "झाल्या."

त्या साठ पुंगळ्या काकांच्या स्वतःच्या होत्या. खालच्यांत हॅरल्डने दिलेल्या एका पिशवीतल्या मिसळलेल्या होत्या, कितीदा झाडलेल्या कुणास ठाऊक. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत नव्हतं याने काही फरक पडत नाही. मोजायचं असतं ते माहीत नसतं म्हणूनच.

शनिवारी मी रेंजवर गेलो होतो, मागच्या बाकावर बसून बघायला. काका सातव्या की आठव्या गोळीला थांबले. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट दाबताना त्यांचं मनगट जरा जास्त वळलं. मग आवाज झाला, नेहमीपेक्षा कोरडा. काकांचं डोकं मागे गेलं. रेंज ऑफिसर ओरडला, "सीझ फायर!" आणि सगळी रांग थांबली.

मागे आलेल्या गरम वायूने चष्म्याची उजवी काच तडकली होती आणि भुवईच्या वर चीर पडली होती. डोळा वाचला होता. हॅरल्डने रुमाल दाबून धरला होता. काका हॅरल्डशी न बोलता बंदुकीकडेच बघत होते. बोल्ट उघडेना. नंतर दुरुस्तीवाल्याने तो लाकडी हातोडीने उघडला आणि आतली पुंगळी सळईने ठोकून काढली, तेव्हा तिचं तोंड इतकं चेपलं होतं की मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काकांनी मला एकदाच विचारलं. दवाखान्यातून घरी आल्यावर, भुवईवर तीन टाके, कोचावर ताठ बसलेले. आवाजात आरोप नव्हता. गेज रूममध्ये विचारतात तसं विचारलं.

"पुंगळ्या सगळ्या मोजल्या होत्या ना तू?"

मी म्हणालो, "हो काका."

मी हे वाक्य शंभर वेळा आठवून बघितलं आहे. ते म्हणायला मला विचार करावा लागला नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. घाबरलो, गोंधळलो, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते इतकं सहज आलं, जसं ऑफिसात "टेस्टिंग डन?" विचारल्यावर येतं.

काकांनी मान हलवली. "मग काडतुसाचं माप चुकलं. ते माझं." थोड्या वेळाने म्हणाले, "बोल्ट जड गेला होता. मला कळलं होतं. तरी मी दाबला. पाह्य, दोन चुका."

मग त्यांनी उरलेली भरलेली काडतुसं काढली आणि स्वतः मोजायला बसले. मी समोर बसून बघत होतो. एक काडतूस मोजलं, आकडा म्हणाले. तेच पुन्हा मोजलं. तीन थाऊंचा फरक. पुन्हा मोजलं, आणखी वेगळा. टाके पडलेल्या भुवईने, उसन्या चष्म्याने, थरथरत्या हाताने कुणालाही वेगळे आकडे आले असते. मी तसं म्हणालोही. "काका, आज नको. दोन दिवसांनी बघा."

"नाही नाही," ते म्हणाले. "आजच कळलं ते बरं झालं."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. ते थांबलं नाही. काकांनी सगळी काडतुसं क्लबमध्ये नष्ट करायला दिली, मी मोजलेल्या न मोजलेल्या पुंगळ्यांसकट. महिन्याभरात दारू भरायचं यंत्र, साचे, तराजू, सगळं हॅरल्डच्या ओळखीच्या एकाला देऊन टाकलं. हॅरल्ड मला पार्किंग लॉटमध्ये पकडून म्हणाला, "टॉक टू हिम, मॅन. इट वॉज वन बॅड राउंड." मी हॅरल्डलाही सांगितलं नाही.

डिसेंबरात रोहिणी आली. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, इथेच वाढलेली, मराठी समजणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. मी तिथे बसलेलो असताना काकांनी गाडीच्या किल्ल्या तिच्यापुढे टेबलावर ठेवल्या. ती चकित झाली. ती फक्त बर्फात गाडी काढू नका एवढंच सांगायला आली होती.

"बाबा, नोबडी इज आस्किंग यू टू स्टॉप ड्रायव्हिंग."

"ज्याला अडीच-तीन इंच धड वाचता येत नाहीत," काका म्हणाले, "त्यानं सत्तर मैलांच्या स्पीडनं गाडी हाकू नये."

"डॉक्टरने तर सांगितलंय मोतीबिंदू अगदी थोडा आहे," मी म्हणालो.

"थोडा म्हणजे किती?" काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. "हा पाह्य रोहिणी, याची वही बघ. एक खाडाखोड नाही. मी माझ्या काडतुसांची वही काढली तर पानोपानी खोडलेलं. तिथेच समजायला पाह्यजे होतं मला."

आणि त्यांनी खरंच वही आणून तिला माझं पान दाखवलं. तिने सभ्यपणे बघितलं. "व्हेरी नीट," ती म्हणाली.

त्या क्षणी तरी बोलायला हवं होतं. मी चहाचे कप उचलून सिंकमध्ये ठेवले.

गाडीशिवाय त्या घरात राहणं शक्य नव्हतं. दुधाला जायचं तरी चार मैल. २००६च्या उन्हाळ्यात काका घर विकून शॉमबर्गला मुलीकडे गेले. मी सामान भरायला मदत केली. सगळ्या खोक्यांवर काकांनी लांबी-रुंदी-उंची लिहिली होती आणि मूव्हर्सचा माणूस वैतागून म्हणाला होता, "सर, आय हॅव आइज." काका म्हणाले, "गुड फॉर यू."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला. प्रयत्न हा शब्दही मोठा आहे. मी फोन करायचो, काका उचलायचे. त्यांचा आवाज दर खेपेला जरा कमी झालेला वाटायचा. नातवाला गणित शिकवतो, तो ऐकत नाही. फिरायला रोहिणी एकटं सोडत नाही. पेपर मोठ्या अक्षरांचा लावलाय. मी म्हणायचो, "काका, एक सांगायचं होतं." ते म्हणायचे, "बोल." मी म्हणायचो, माझं ग्रीन कार्डचं अमुक, ऑफिसचं तमुक. फोन ठेवल्यावर माझी बायको म्हणायची, "सांगितलंत?" तिला सगळं माहीत होतं. पहिल्या वर्षी ती चिडायची. दुसऱ्या वर्षी विचारणंच बंद केलं, आणि ते मला जास्त लागलं.

२००८च्या वसंतात मला बेलव्ह्यूला नवी नोकरी मिळाली. देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हटल्यावर मी एका शनिवारी सकाळी गाडी काढली आणि शॉमबर्गला गेलो. रोहिणी मुलाला पोहायला घेऊन गेली होती. काका पुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात काहीही नव्हतं.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, जेवढं इथे लिहिलं आहे तेवढं. साठ मोजल्या, एकशे चाळीस लिहिल्या. मधला चौदासुद्धा सांगितला.

रस्त्यावरून टपालाची गाडी गेली.

"हॅरल्डची पिशवी खाली होती," ते शेवटी म्हणाले.

"हो. मला नंतर कळलं."

"म्हणजे पुंगळी लांब होती. काडतूस बरोबर होतं."

"बहुतेक, काका."

"बहुतेक." त्यांनी तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तुला एक सांगू? कारखान्यात एक होता, डेल नावाचा. तो चार्ट खोटे भरायचा. मी पानावर नुसती नजर टाकली आणि पकडला. खरे आकडे असे गुण्यागोविंदानं नाही राहत कधी, एखादा तरी उंडारतेच. दवाखान्यातून आलो त्या रात्री तुझं ते पान मी पुन्हा पाह्यलं होतं. मला वाटलं, हे डेलसारखं आहे. कळलं होतं मला!"

"मग तुम्ही विचारलं का नाहीत पुन्हा?"

"विचारलं होतं ना एकदा. तू हो म्हणाला." ते खुर्चीतून उठले. "मी म्हटलं, माझे डोळेच गेले तर आकड्यांचं काय कळणार. तुझ्यावर शंका घेतली म्हणून दोन दिवस स्वतःवर चिडलो मी. अडीच वर्षं झाली, अविनाश. अडीच वर्षं मी माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही ठेवला. समोर दिसलं तरी पोराला विचारतो, हिरवा आहे ना रे सिग्नल?"

मी माफ करा म्हणालो. ते शब्द त्यांनी ऐकले की नाही ते सांगता येत नाही.

"किल्ली दे."

"काका?"

"तुझ्या गाडीची किल्ली दे."

मी दिली. द्यायला नको होती. त्यांच्याकडे लायसन्स उरलं नव्हतं, पण नाही म्हणायचा अधिकार मला उरला होता असं मला वाटलं नाही. ते गाडीत बसले, सीट पुढे घेतली, आरसे लावले, एकेक आरसा दोनदा. मी बाजूला बसलो. बोळाच्या टोकाला गोल वळण होतं, तिथपर्यंत त्यांनी दहा-पंधराच्या वेगाने गाडी नेली, एका सायकलवरच्या मुलीसाठी थांबले, वळवली आणि परत आणली. चाकं फुटपाथला समांतर, मध्ये वीतभर जागा. त्यांनी दार उघडून ती जागा वाकून बघितली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"येत होतं मला," ते म्हणाले. हातांना सांगितल्यासारखं.

मागे रोहिणीची गाडी येऊन थांबली होती. ती दार उघडं टाकून धावत आली. "बाबा! आर यू आउट ऑफ युअर माइंड?" मग माझ्याकडे वळली. "अँड यू लेट हिम? अविनाश, यू ऑफ ऑल पीपल?"

मी सांगायला तोंड उघडलं. मला खरंच तिलाही सांगायचं होतं, तिच्या शिव्या हव्या होत्या. पण काकांनी हात वर केला.

"त्याला ओरडू नको. मीच हट्ट केला. बेलव्ह्यूला चालला तो, भेटायला आला होता. बाकी काही नाही."

"रोहिणी, ऐक, मी..."

"बाकी काही नाही म्हटलं ना मी," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

आत या, चहा घ्या, असं रोहिणी म्हणाली, सवयीने. काका म्हणाले, त्याला लांब जायचं आहे. मग ती त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांचा दंड धरला. अंगणातून दारापर्यंतची वाट सरळ होती, एक पायरीसुद्धा नव्हती. आता ते हात झटकतील, असं मला वाटलं. मी गाडीपाशी उभा राहून वाट बघत होतो.

त्यांनी झटकला नाही. ती नेईल तशी पावलं टाकत ते दारापर्यंत गेले, उंबऱ्यापाशी तिने "स्टेप, बाबा" म्हटल्यावर पाय उचलला, आणि आत गेले.